सतरंज्या-गालिचे परदेशी पाठवताना: आगीची चाचणी, लेबल आणि कागदपत्रे

सोलापुरात हातमागावर सतरंज्या आणि लोकरीचे गालिचे विणून घेऊन ते परदेशी पाठवण्याचे काम मी काही वर्षांपासून करतो आहे. रंग, वीण आणि भाव यांची घासाघीस मला लवकर जमली. आगीच्या चाचणीचे प्रकरण मात्र दोन खेपा अंगावर आल्यावरच समजले. या विषयावरची माहिती बहुतेक वेळा कायद्याच्या भाषेत असते किंवा बायरच्या ईमेलमध्ये एका ओळीत येते, आणि त्या ओळीत नेमके काय मागितले आहे हे नव्या माणसाला उमगत नाही. म्हणून पहिल्यांदा निर्यात करणाऱ्यांसाठी ही वाट क्रमाने लिहितो आहे. आपल्यापैकी बहुतेक जण छोट्या मालाची सुरुवात अमेरिकेपासून करतात, त्यामुळे भर त्या बाजारावर आहे. युरोपाचा भाग शेवटी येईल.

१. माल कुठे जाणार आणि जमिनीवर कसा राहणार, हे आधी लेखी घ्या

ऑर्डर पक्की करण्यापूर्वी बायरला तीन प्रश्न विचारा. देश कोणता? माल घरात वापरला जाणार की हॉटेल, रुग्णालय, कार्यालय अशा सार्वजनिक इमारतीत? आणि तो नुसता अंथरला जाणार की चिकटवून कायमचा बसवला जाणार? या उत्तरांवर चाचणी, लेबल आणि खर्च हे सगळे ठरते. घरात अंथरायच्या सतरंजीला अमेरिकेत एका लहानशा गोळीची चाचणी पुरते, पण तोच माल हॉटेलच्या कॉरिडॉरसाठी रोलमध्ये गेला तर त्याला उष्णता फेकणाऱ्या पॅनेलखालून जावे लागते. बायरच्या माणसाने फोनवर ‘स्टँडर्ड फायर टेस्ट’ असे म्हटले, तर त्यावर समाधान मानू नका. मानकाचा क्रमांक ईमेलवर मागा. हा क्रमांक न मागता नमुने पाठवण्याची चूक मी केली आहे आणि दोन महिने घालवले आहेत.

२. अमेरिकेच्या हिशेबात तुमचा नग मोठा की लहान, ते ठरवा

अमेरिकेत गालिच्यांच्या ज्वलनशीलतेचे दोन संघराज्यीय नियम आहेत: मोठ्या नगांसाठी १६ सीएफआर १६३० आणि लहान नगांसाठी १६ सीएफआर १६३१ (सीएफआर म्हणजे अमेरिकेच्या संघराज्यीय नियमांची संहिता). जुने लोक यांनाच एफएफ १-७० आणि एफएफ २-७० म्हणतात. त्यातला ७० हा आकडा १९७० सालचा. त्याच वर्षी जानेवारीत ओहायो राज्यातल्या मॅरिएटा इथल्या एका वृद्धाश्रमाला लागलेल्या आगीत तीसहून अधिक माणसे गेली आणि आग पसरण्यात तिथल्या कार्पेटचा वाटा चर्चेत आला. दोन्ही नियम १९७१ मध्ये लागू झाले आणि १९७३ पासून त्यांची अंमलबजावणी अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग, म्हणजे सीपीएससी, करतो.

ज्याची एक बाजू ६ फुटांपेक्षा जास्त आणि क्षेत्रफळ २४ चौरस फुटांपेक्षा जास्त, तो मोठा. ज्याची कोणतीही बाजू ६ फुटांपेक्षा जास्त नाही आणि क्षेत्रफळही २४ चौरस फुटांच्या आत किंवा तेवढेच आहे, तो लहान. म्हणजे ४ बाय ६ चा नग लहानात बसतो आणि ५ बाय ८ चा मोठ्यात जातो. अडीच फूट रुंद आणि आठ फूट लांब अशी पट्टी, जिला आपण रनर म्हणतो, तिची लांबी सहा फुटांवर जाते पण क्षेत्रफळ वीसच चौरस फूट भरते. व्याख्येत अशी चपखल न बसणारी वस्तू मी नेहमी मोठी समजूनच चालतो, कारण त्यात नुकसान काहीच नाही.

दोन्ही नियमांतली चाचणी एकच आहे, फरक नापास होण्याच्या परिणामात आहे. मोठा नग नापास झाला तर तो अमेरिकेत विकताच येत नाही. लहान नग नापास झाला तरी इशाऱ्याचे कायमचे लेबल लावून विकता येतो. ही सवलत कागदावर गोड दिसते, पण आपल्या दुकानात ‘ज्वलनशील’ असे लेबल लावलेला माल ठेवायला सहसा कोणताही मोठा विक्रेता तयार होत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर ऑर्डर घेऊ नका.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. जुना दुर्मीळ गालिचा, कातडे अशा एकमेव नगांना चाचणीतून सूट मिळू शकते, हे खरे आहे. त्यावरून ‘आमचा माल हातमागाचा, प्रत्येक नग वेगळा, म्हणून आम्हाला सूट’ असा अर्थ काढू नका. एकाच डिझाइनचे दोनशे नग विणले की ते उत्पादन झाले, मग ते यंत्रावर विणलेले असो की हातावर.

३. गोळीची चाचणी समजून घ्या

या चाचणीला सगळे ‘पिल टेस्ट’ म्हणतात. मालातून सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे ९ इंच, बाजूचे आठ चौकोनी तुकडे कापतात आणि त्यांवरचे सुटे धागे व्हॅक्यूमने काढतात. मग ते १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दोन तास वाळवतात आणि ओलावा शोषणाऱ्या बंद पेटीत थंड करतात. वर खुल्या असलेल्या, वारा न लागणाऱ्या पेटीत तुकडा ठेवून त्यावर ८ इंच व्यासाचे गोल भोक असलेली पोलादी चौकट बसवतात. मधोमध मेथेनामाइनची सुमारे १५० मिलिग्रॅमची गोळी ठेवून तिला काडी लावतात. पडलेली जळती काडी किंवा शेकोटीतून उडालेला निखारा यांची ही नक्कल आहे. गोळी विझल्यावर आणि तुकड्यावरची धग थांबल्यावर जळालेल्या डागाची कड चौकटीच्या भोकाच्या कडेपासून किती दूर राहिली ते मोजतात. ते अंतर कुठेही एक इंच किंवा त्याहून कमी भरले, तर तो तुकडा नापास. सोप्या शब्दांत, मधल्या बिंदूपासून साडेसात सेंटिमीटरच्या आसपास आग थांबली पाहिजे. आठपैकी किमान सात तुकडे पास झाले तर माल पास.

कोणता माल इथे अडतो, हे आपल्या धंद्यात अनुभवानेच कळते. लोकर सहसा अडत नाही. तिला पेट घ्यायला जास्त तापमान लागते आणि ज्योत काढून घेतली की ती काळी भुकटी होऊन विझते. घोंगडीचा एखादा दोरा काडीला लावून पाहिलेल्याला जळत्या केसांचा तो वास आणि लगेच विझणारी ज्योत माहीत असते. घट्ट विणलेली, सपाट सुती सतरंजी बहुतेक वेळा निभावते, कारण तिच्या आत हवा शिरायला जागा कमी असते. खरा धोका आहे तो लांब आणि विरळ पाइल, म्हणजे पृष्ठभागावर उभे राहणारे धागे, असलेल्या सुती किंवा व्हिस्कोसच्या मालात: लांब केसाळ शॅग, मखमली शेनिल धाग्याचे बाथमॅट, चिंध्यांचे सैल विणलेले गालिचे, लांब सुती दशा. तिथे प्रत्येक धाग्याभोवती हवा असते आणि आग पृष्ठभागावरून वणव्यासारखी सरकते. टफ्टेड मालात, म्हणजे कापडात सुईने धागे टोचून मागून लेटेक्सच्या रबरी थराने पक्के केलेल्या मालात, त्या लेटेक्सचाही हात असतो. त्यात स्वस्त खडूची भर आहे की तापल्यावर पाणी सोडणाऱ्या ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेटची, यावर निकाल फिरू शकतो.

४. प्रयोगशाळेत पाठवण्यापूर्वी घरी एकदा पाहा, पण कोरड्या दिवशी

प्रयोगशाळेचे शुल्क वाचवायला मी पूर्वतपासणी नेहमी करतो. मोकळ्या अंगणात, पत्र्यावर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, वारा अडवून आणि एका वेळी एकच तुकडा घेऊन. पहिल्या वर्षी ही तपासणी मी आषाढात केली. आठही तुकडे छान विझले, मी निर्धास्त झालो, आणि पंधरा दिवसांनी अहवाल आला की पाच तुकडे नापास. चूक माझीच होती. कापूस साध्या हवेतही वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरून ठेवतो आणि लोकर त्याच्या जवळपास दुप्पट. पावसाळ्यात हे प्रमाण आणखी वाढते. प्रयोगशाळेत हा सगळा ओलावा ओव्हनमध्ये निघून जातो, आणि घरी मात्र आग विझवायला तोच मदत करत होता. उन्हात वाळवूनही पुरत नाही. ओव्हन असेल तर तुकडे १०५ अंशांवर दोन तास ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात थंड करा आणि डबा उघडताच काडी लावा. ही तपासणी तुमच्या अंदाजापुरतीच आहे, तिचा निकाल कोणत्याही कागदावर लिहू नका.

५. अग्निरोधक द्रव्याचा मोह आवरा

माल अडला की रंगखात्यातला कोणीतरी हमखास सुचवतो की बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून घेऊ. तसे केल्याने चाचणीचा तुकडा पास होईलही, पण ज्या मालाला अग्निरोधक प्रक्रिया केली आहे, तो चाचणीपूर्वी ठरलेल्या पद्धतीने दहा वेळा धुवावा लागतो, आणि पाण्यात विरघळणारे क्षार त्या धुण्यात निघून जातात. शिवाय अशा मालाच्या लेबलवर ‘टी’ हे अक्षर छापणे बंधनकारक आहे. प्रक्रिया करून ती प्रयोगशाळेला न सांगणे म्हणजे सरळ फसवणूक आहे, आणि माल परत मागवण्याची वेळ आली तर ती महागात पडते. वीण घट्ट करणे, पाइलची उंची कमी करणे, सुताऐवजी लोकरीचे मिश्रण घेणे हे उपाय मला दर वेळी स्वस्त पडले आहेत.

६. नमुना आणि प्रयोगशाळा

नमुना चालू उत्पादनातला द्या. बायरला आवडावा म्हणून कारागिराने जरा जास्त ठोकून विणलेला शोरूमचा तुकडा देऊ नका. आठ तुकड्यांना अर्धा मीटर बाय एक मीटर कापड जेमतेम पुरते. मी किमान दुप्पट पाठवतो, आणि धुलाई असेल तर आकसण्याची भर आणखी धरतो. एका डिझाइनमध्ये फिकट आणि गडद रंग, किंवा उंच आणि सखल पाइल असेल, तर सर्वांत उंच व विरळ भाग नमुन्यात आला पाहिजे हे पाहा.

ठाण्यातील वुल रिसर्च असोसिएशन, घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आणि भदोहीतील भारतीय गालिचा तंत्रज्ञान संस्था ही नावे आपल्या व्यवसायात परिचित आहेत. त्याखेरीज खासगी आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळांच्या शाखा मुंबई-दिल्लीत आहेत. कुठेही जा, पण पैसे भरण्यापूर्वी प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या भारतीय मंडळाच्या मान्यतापत्राची व्याप्ती मागवा आणि त्यात तुम्हाला हव्या त्या मानकाचा क्रमांक आहे का ते स्वतः वाचा. मान्यता सरसकट संस्थेला नसते, ती प्रत्येक चाचणीला वेगळी असते. माल मुलांच्या खोलीसाठी म्हणून विकला जाणार असेल, म्हणजे डिझाइन किंवा जाहिरात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असेल, तर सीपीएससीने स्वीकारलेल्या त्रयस्थ प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो. हत्ती-घोड्यांच्या नक्षीची सतरंजी कोणत्या गटात जाते, हे बायरकडून लेखी घ्या.

७. लेबल शिवण्यापूर्वी मजकूर मंजूर करून घ्या

अमेरिकेत जाणाऱ्या सतरंजीवर धाग्याचे प्रकार आणि त्यांची वजनी टक्केवारी, मूळ देश, आणि उत्पादक, आयातदार किंवा विक्रेता यांपैकी कोणाचे तरी नाव अथवा नोंदणी क्रमांक लागतो. टक्केवारी फक्त पाइलची देत असाल, तर ती पाइलचीच आहे हे लेबलवर स्पष्ट लिहा. सुती ताण्यावर लोकरीचा पाइल असताना सरसकट ‘शंभर टक्के लोकर’ असे छापलेले लेबल मी पाहिले आहे, आणि ते चुकीचे आहे. त्याखेरीज प्रक्रिया केलेल्या मालावर ‘टी’ येते. नापास झालेल्या लहान नगावर मात्र तो ज्वलनशील आहे, संबंधित मानकात बसत नाही आणि आगीच्या स्रोताजवळ वापरू नये, असा नियमातलाच इंग्रजी मजकूर शब्दशः छापावा लागतो, आणि ते लेबल कायमचे शिवलेले असावे लागते. या मजकुराच्या जुन्या नमुन्यात सीपीएससीऐवजी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचे नाव आहे. इंटरनेटवरून जुने चित्र उचलून छापू नका, आयातदाराकडून सध्याचा मजकूर मागवा.

एक सावधगिरी: चाचणी पास झाली म्हणून लेबलवर ‘फायरप्रूफ’ असे लिहू नका. गोळीची चाचणी एवढेच सांगते की लहान ठिणगी पडली तर आग दूरवर पसरत नाही.

८. कागदपत्रांची फाइल

आयात होणाऱ्या मालाचे अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे माल नियमात बसतो असे सांगणारा कागद, देण्याची जबाबदारी आयातदाराची असते, पण त्यातली जवळजवळ सगळी माहिती तुमच्याकडूनच जाते. म्हणून प्रत्येक डिझाइनच्या फाइलमध्ये पुढील गोष्टी असाव्यात:

- चाचणीचा पूर्ण अहवाल, त्यात मानकाचा क्रमांक, तारीख, ठिकाण आणि आठही तुकड्यांची वेगवेगळी मापे
- मालाचे वर्णन: धागा, पाइलची उंची, दर चौरस मीटर वजन, मागच्या थराचा प्रकार
- सूत, लोकर, लेटेक्स आणि रंग यांची खरेदीची बिले, लॉट क्रमांकासह
- अग्निरोधक प्रक्रिया केली किंवा केली नाही, असे सही केलेले पत्र
- उत्पादनाचा महिना आणि ठिकाण
- शिवलेल्या लेबलाचा फोटो आणि मंजुरीचा ईमेल
- चाचणीला दिलेल्या त्याच लॉटचा, फाइलला जोडलेला तुकडा

ही फाइल मी पाच वर्षे ठेवतो. मुलांच्या मालासाठी प्रमाणपत्राचा प्रकारच वेगळा असतो, याची आयातदाराला आठवण करून द्यावी लागते.

९. हॉटेल, कार्यालय आणि युरोप

सार्वजनिक इमारतीत चिकटवून बसवायच्या कार्पेटला गोळी पुरत नाही. तिथे सुमारे एक मीटर लांबीचा नमुना आडवा ठेवून त्यावर तिरप्या पॅनेलची उष्णता सोडतात. एका टोकाला ती तीव्र असते आणि दुसऱ्या टोकाकडे कमी होत जाते. आग जिथे विझते, तिथल्या उष्णतेच्या माऱ्याला क्रांतिक ताप-प्रवाह म्हणता येईल. हा आकडा जितका मोठा, तितका माल चांगला, कारण आग टिकायला तेवढी जास्त धग लागते. अमेरिकेत एएसटीएम ई६४८ या चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला किमान ०.४५ वॅट आले तर पहिला वर्ग, ०.२२ आले तर दुसरा.

युरोपात हीच कल्पना ईएन आयएसओ ९२३९-१ या नावाने येते आणि एकक किलोवॅट प्रति चौरस मीटर असते. वर्ग असे: किमान ८ ला बी-एफएल, ४.५ ला सी-एफएल, ३ ला डी-एफएल (एफएल म्हणजे फ्लोअरिंग). त्यासोबत ईएन आयएसओ ११९२५-२ ही लहान ज्योतीची चाचणीही लागते, आणि ई-एफएल वर्गासाठी तेवढी एकच पुरते. शेवटी लावलेला एस-१ किंवा एस-२ धुराचा वर्ग सांगतो. एककांचे रूपांतर केले तर अमेरिकेच्या पहिल्या वर्गाची आणि युरोपच्या सी-एफएलची सीमा एकच निघते, पण म्हणून एकीकडचा अहवाल दुसरीकडे चालत नाही. मी विचारून पाहिले आहे.

चिकटवून बसवायच्या कार्पेटला युरोपात बांधकाम उत्पादन नियम आणि ईएन १४०४१ मानकानुसार सीई खूण, म्हणजे माल युरोपीय नियमांत बसतो असे सांगणारी खूण, लागते. तिच्यासोबत कामगिरीचे घोषणापत्र द्यावे लागते, आणि खुणेशेजारी आगीचा वर्ग, घसरण-प्रतिकार, फॉर्माल्डिहाइड अशा गोष्टी छापाव्या लागतात. साधा माल असेल तर अधिसूचित, म्हणजे युरोपीय संघात या कामासाठी अधिकृत ठरवलेल्या, प्रयोगशाळेची चाचणी पुरते. उत्पादनाच्या एखाद्या टप्प्यावर अग्निरोधक मिसळून बी किंवा सी वर्ग मिळवला असेल, तर अधिसूचित संस्था कारखान्याची तपासणीही करते, आणि तो खर्च छोट्या कारखान्याला झेपत नाही. नुसती अंथरायची सतरंजी इमारतीत कायमची बसत नाही, म्हणून तिला ही सीई खूण लागत नाही. कोणी मागितली तर नम्रपणे नियमाचे नाव विचारा. उगाच खूण छापणेही नियमभंगच आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवा बांधकाम उत्पादन नियम केला आहे, त्यामुळे जुन्या घोषणापत्राची नक्कल वापरण्यापूर्वी आयातदाराला विचारा.

या अहवालात एक ओळ नेहमी दुर्लक्षित राहते: नमुना कशावर ठेवून जाळला. सिमेंटच्या फळीवर चिकटवून मिळालेला वर्ग काँक्रीटच्या जमिनीला लागू होतो, लाकडी जमिनीला नाही. खाली फोमचे अस्तर येणार असेल, तर अस्तरासहित चाचणी हवी. ब्रिटनमधला बायर कधीकधी बीएस ४७९० मागतो. त्यात सुमारे ९०० अंशांवर तापवलेला पोलादी नट ३० सेकंद कार्पेटवर ठेवतात आणि डागाची त्रिज्या मोजतात. ३५ मिलिमीटरपर्यंतची त्रिज्या ‘कमी’ गटात जाते.

१०. पुन्हा चाचणी केव्हा

सूत बदलले, पाइल दोन मिलिमीटरने वाढवला, लेटेक्सचा पुरवठादार बदलला, किंवा बायरने ‘जरा मऊ करा’ म्हणून वीण सैल करायला सांगितली, की जुना अहवाल त्या मालाचा राहत नाही. नव्या लॉटचा तुकडा फाइलला जोडलेल्या तुकड्याशेजारी ठेवा, दोन्हींचे वजन करा आणि पाइल पट्टीने मोजा. वजनात पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला की मी नमुना कापून प्रयोगशाळेला पाठवतो. पाच टक्के हा माझा स्वतःचा आकडा आहे, तुम्ही तो तुमच्या मालावरून ठरवा, पण पहिले शिपमेंट निघण्यापूर्वी ठरवून मागावरच्या माणसाला सांगून ठेवा.